परमुलखातला शेजार

केनवड हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं गाव. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा असा हा मुलूख. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०११ च्या जनगणनेत बारा लाखांच्या आसपास होता आणि त्यातली पाचांतली चार माणसं खेड्यात राहत होती. २०१८ मध्ये नीती आयोगाने महाराष्ट्रातले चार जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यात वाशीम आहे. सरकारी भाषेत आकांक्षित म्हणजे मागे राहिलेला, हे इथल्या लोकांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

अशा गावातून कुणी थेट परदेशी जात नाही. आधी वाशीम किंवा अकोला, मग पुणे, आणि तिथून जमलं तर पुढे. त्या पुढच्या टप्प्याची बोलणी हल्ली पारावर आणि फोनवर बरीच होतात: व्हिसा कुठला, कर्ज किती, खोलीचं भाडं किती, आपल्याकडची किती पोरं तिथे आहेत. तिथल्या माणसांशी कसं जमेल, हा प्रश्न मात्र त्यात सहसा येत नाही. तो आपोआप सुटेल असं गृहीत धरलेलं असतं. गेल्या दीडशे वर्षांत परदेशी गेलेल्या मराठी माणसांचा अनुभव पाहिला तर तो आपोआप सुटलेला दिसत नाही. काहींचा फार सुंदर सुटला, काहींचा पिढ्या गेल्यावर सुटला, आणि बऱ्याच जणांना तो सोडवायची गरजच पडली नाही.

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात विलक्षण मैत्री एका दंतवैद्याच्या दवाखान्यात सुरू झाली. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर तिथे आपली पाळी येण्याची वाट पाहत एक मिशनरी मासिक चाळत होत्या. त्यात गोपाळराव जोशी नावाच्या हिंदुस्थानातल्या टपाल कारकुनाचं पत्र छापलं होतं: बायकोला शिकवायचं आहे, कुणी मदत करेल का? मासिकाच्या संपादकांनी ख्रिस्ती होण्याची अट सुचवून पत्राला जवळजवळ नकारच दिला होता. कार्पेंटरबाईंनी मात्र सरळ पत्र लिहिलं. गोपाळरावांच्या पत्नी आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. सुमारे तीन वर्षं दोघींची पत्रं चालली आणि त्या पत्रांत आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. जून १८८३ मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा घ्यायला आलेलं माणूस अनोळखी नव्हतं.

या गोष्टीत एक बारकावा आहे. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, मांसाहार केला नाही, धर्म बदलला नाही. ‘तिथलं होण्या’साठी आज जे जे करायला सांगितलं जातं त्यातलं त्यांनी फारसं काही केलं नाही. त्यांनी केलं ते एवढंच की उघडपणे मदत मागितली आणि मदत करणाऱ्याला आपल्या आयुष्यात जागा दिली. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली आणि ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली. खुद्द गोपाळराव पुढे अमेरिकेत गेले तेव्हा त्यांनी ठिकठिकाणी व्याख्यानं देऊन यजमानांवर टीकेची झोड उठवली. एकाच घरातल्या दोन माणसांनी एकाच देशात दोन वेगळे शेजार मिळवले.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्यांची पद्धत आणखी निराळी. जवळपास तीन वर्षं त्या अमेरिकाभर हिंडल्या, बोलल्या, स्त्रियांच्या संघटनांमध्ये मिसळल्या, आणि डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. तिने दहा वर्षं पैसे पाठवण्याचं कबूल केलं आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. अमेरिकेतल्या समाजजीवनावर त्यांनी मराठीत आख्खं पुस्तक लिहिलं. मैत्री आणि निधी यांत रमाबाईंनी कधी संकोच मानला नाही. काम मोठं असेल तर लोकांना त्यात सामील करून घ्यायचं, हा त्यांचा खाक्या होता.

या दोघी मुळात परत येण्यासाठी गेल्या होत्या. परतीचा रस्ताच बंद असलेला माणूस काय करतो हे पाहायचं तर वऱ्हाडाला लागून असलेल्या वर्ध्याकडे जावं लागेल.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ मध्ये वर्ध्याचा. टिळकांच्या प्रभावाखाली तरुणपणीच ते क्रांतिकार्यात ओढले गेले आणि विशीच्या सुरुवातीला देशाबाहेर पडले. आधी जपान, मग अमेरिकेचा पश्चिम किनारा. तिथे मजुरी केली, लष्करी शिक्षण घेतलं, शेतीशास्त्र शिकले आणि इंग्रजी सत्तेविरुद्धच्या गदर चळवळीच्या पायाभरणीत भाग घेतला. पहिल्या महायुद्धात ते इराण-बलुचिस्तानात इंग्रजांविरुद्ध लढले. नंतर बर्लिन, मॉस्को. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव असल्याने वर्ध्याला परतणं अशक्य. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोचले तेव्हा चाळिशीचे होते, पैसा जवळपास नव्हता, आणि स्पॅनिश भाषेत नव्याने रुळायचं होतं. कॅलिफोर्नियातल्या दिवसांत मेक्सिकन क्रांतिकारकांशी झालेली ओळख आणि शेतीचं ज्ञान, एवढीच शिदोरी.

मेक्सिकोला नेमकी त्याचीच गरज होती. १९१० पासूनच्या क्रांतीनंतर मोठमोठ्या जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना मिळू लागल्या होत्या, पण जमीन मिळालेल्या माणसाला बियाणं, खत, मातीची परीक्षा शिकवणारं कुणी हवं होतं. खानखोजे टेक्सकोकोजवळच्या चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका हे मेक्सिकोचं दैवतच. त्यांनी मक्यावर आणि गव्हावर काम केलं. जंगली तेओसिंते आणि लागवडीचा मका यांचा संकर करून नवे वाण काढले. पण विद्यालयाच्या चार भिंतींत ते थांबले नाहीत. त्यांनी ‘मुक्त कृषिशाळा’ सुरू केल्या. तिथे फी नव्हती, पदवी नव्हती. प्राध्यापक आणि विद्यार्थी गावात येत आणि शेतकऱ्याच्या रानात उभं राहून शिकवत. आपल्याकडे अडलेल्या शेतकऱ्यासाठी गाव जमून इर्जिक घालतं, त्याला जवळ जाणारा हा प्रकार. फरक एवढाच की इथे इर्जिकीला आलेला माणूस हजारो मैलांवरचा होता.

या कामातून त्यांचा मेक्सिकोतला गोतावळा तयार झाला. चित्रकार दिएगो रिव्हेरा त्या काळात चापिंगोच्या जुन्या प्रार्थनागृहात भित्तिचित्रं रंगवत होते. दोघांची मैत्री जमली. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेरांनी भाकरीच्या वाटपाचं जे चित्र काढलं, त्यात मध्यभागी बसून भाकर मोडणारा माणूस खानखोज्यांवरून काढलेला आहे. छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांनी त्यांच्या मक्याची आणि शाळांची छायाचित्रं घेतली. १९३६ मध्ये त्यांनी जीन सिंडिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. क्रांतीनंतरचा मेक्सिको हा बाहेरून आलेल्या विचारवंतांचं स्वागत करणारा देश होता, हे खरंच. पण स्वागत झालेले सगळेच काही भिंतीवर भाकर मोडताना दिसत नाहीत. आजही चापिंगोत त्यांची आठवण आहे. २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी तिथे त्यांच्या पुतळ्याचं अनावरण केलं. विदर्भात मात्र त्यांचं नाव सांगितलं तर बऱ्याच जणांना ‘कोण?’ असं विचारावं लागतं. वीणा गवाणकरांनी मराठीत त्यांचं चरित्र लिहिलं, कन्या सावित्री सॉनी यांनी इंग्रजीत, म्हणून निदान वाचणाऱ्यांना ते ठाऊक आहेत.

स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकाच्या मध्याला, खानखोजे कुटुंबासह नागपूरला आले. आता नव्या मुलखात आयुष्य सुरू करायची पाळी जीनबाईंची आणि दोन मुलींची होती. २२ जानेवारी १९६७ रोजी खानखोजे नागपुरातच वारले. परतणाऱ्याला आपलाच देश परका वाटतो, ही गोष्ट आपण मोठ्या हळवेपणाने सांगतो. त्याच्याबरोबर आलेल्या बायकोची चौकशी फारशी करत नाही.

एकेकट्या थोर माणसांवरून मोठे निष्कर्ष काढणं धोक्याचं. समूहाने गेलेल्या मराठी माणसांचं काय झालं?

मॉरिशसचा अनुभव सगळ्यात लांब पल्ल्याचा आहे. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून करारबद्ध मजूर आणले गेले. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या घरात माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तो धक्का, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. त्यात रत्नागिरीकडची, सह्याद्रीच्या दोन्ही अंगांची मराठी माणसंही होती. संख्येने ती भोजपुरी, तमिळ, तेलुगू मजुरांपेक्षा कमी. शेजारी निवडायची सोय नव्हती; मळ्याच्या मालकाने ज्या चाळीत टाकलं तोच शेजार. आफ्रिकी वंशाचे क्रिओल, बिहारी, तमिळ असे सगळे एकाच उसात. भाषा व्हायची ती झाली: घराघरात क्रिओल आली. कास्कावेलसारख्या गावात मंदिर टिकलं, कोकणातली जाखडी ‘झाकरी’ होऊन टिकली, मराठी भाषा शाळांत विषय म्हणून शिकवली जाते. गणेश चतुर्थी तर त्या देशाची सार्वजनिक सुट्टी आहे आणि विसर्जनाला समुद्रावर केवळ मराठी लोक जमत नाहीत. इथून मॉरिशसला गेलेले पाहुणे ‘तुम्ही मराठी कशी टिकवली’ म्हणून भारावून जातात. खरं तर त्यांनी मराठी बोलणं बऱ्याच अंशी सोडलं आणि त्या किमतीत पूर्ण देश मिळवला, असंही म्हणता येईल. हा सौदा वाईट होता असं ठरवण्याचा अधिकार पाहुण्यांना नाही.

दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला गेलेल्या कोकणी मुसलमानांचं असंच. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते गेले. धर्म एक, म्हणून तिथले मलाय मुसलमान शेजारी, नंतर सोयरेही झाले.

बेने इस्रायलींची गोष्ट याच्या उलट्या दिशेची. अलिबाग, पेण, मुरूडकडची ही मराठी ज्यू माणसं, तेल काढण्याच्या धंद्यामुळे आणि शनिवारी घाणा बंद ठेवल्याने ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखली जाणारी. कोकणात शेकडो वर्षं त्यांचा शेजाऱ्यांशी तंटा झाल्याचं फारसं कुणी सांगत नाही. १९४८ नंतर ती ‘आपल्या’ देशात, इस्रायलला गेली. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, रामला अशा ठिकाणी वसली. आणि तिथे, आपल्याच धर्माच्या लोकांत, त्यांना परकेपण सोसावं लागलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मगुरूंनी बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासण्याचं फर्मान काढलं. यांचं ज्यूपण शंभर नंबरी आहे का, असा त्याचा अर्थ. मग १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं गेलं, देशातले इतर लोकही बाजूने उभे राहिले, आणि त्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने व संसदेने त्यांना पूर्ण समान ज्यू म्हणून मान्य केलं. धर्मगुरूंनाही नियम बदलावा लागला. आज त्यांच्या घरांत मलिद्याचा विधी होतो, इस्रायलमधून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघतं, आणि १९९६ मध्ये जागतिक मराठी परिषद तिथे भरली होती. हक्कासाठी रस्त्यावर बसणं हाही त्या देशाशी नातं जोडण्याचा मार्ग ठरला. पाहुणा तक्रार करत नाही, रहिवासी करतो.

‘आपली माणसं’ म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न इथे थोडा थांबून पाहायला हवा, कारण परदेशातल्या मराठी जीवनावर लिहिताना तो सोयीस्करपणे टाळला जातो. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. वसतिगृहात नवल भथेना या पारशी तरुणाशी त्यांची जी मैत्री झाली ती जन्मभर टिकली. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात मनातून पुसली गेली होती आणि बडोद्यात पाऊल ठेवताच ती परत आली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणजे एकाला परदेशात गेल्यावर घर सुटल्याचं दुःख होतं, तर दुसऱ्याला पहिल्यांदा कुणीतरी मोकळेपणाने शेजारी बसवून घेतं.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. जात विमानात बसून जाते. अमेरिकेतल्या भारतीयांमध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातिभेदावर कायद्याने बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसं विधेयक मंजूर केलं; गव्हर्नरांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ते नाकारलं. आडनाव विचारून अंदाज घेण्याची आपली खोड तिकडच्या स्वयंपाकघरांतही चालते. त्यामुळे वाशीम-बुलढाण्याकडून शिष्यवृत्तीवर गेलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहिलेल्या मुलीला वर्गातल्या केनियन किंवा पोलिश मैत्रिणीबरोबर जास्त मोकळं वाटलं, तर त्याचं नवल वाटू नये.

अशी मुलं-मुली आता जात आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. रिसोड तालुक्याला लागून असलेल्या लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारे गावचे राजू केंद्रे भटक्या समाजातल्या शेतकरी कुटुंबातले. त्यांनी २०१७ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था सुरू केली आणि २०२१ मध्ये ते स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना अर्ज कसा लिहावा, मुलाखत कशी द्यावी हे ही संस्था शिकवते. परदेशी विद्यापीठात पोचण्याची वाट त्यामुळे वऱ्हाडातल्या खेड्यांना दिसू लागली आहे.

पोचल्यावर काय? बहुतेकांची पहिली हाक महाराष्ट्र मंडळाला असते. लंडनचं मंडळ १९३२ मध्ये न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने सुरू झालं. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र बांधणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. दर दोन वर्षांनी त्याचं अधिवेशन भरतं, मराठी शाळा चालतात, गणपती-दिवाळी दणक्यात होते. मंडळांना हिणवण्याची एक फॅशन आहे. ‘डोंबिवली उचलून डलासला ठेवली’ छापाचे विनोद चिकार झाले. ते अन्यायाचे आहेत. रात्री दोन वाजता बाळंतीण दवाखान्यात न्यायची असते तेव्हा मंडळातलाच कुणीतरी गाडी काढतो. पण मंडळ एक काम करू शकत नाही, आणि ते त्याच्याकडून अपेक्षितही नाही. तिथल्या गावाशी ओळख ते करून देत नाही. उलट ज्याला सगळी सोय मंडळात मिळते त्याला बाहेर पडायचं कारणच राहत नाही. हळदीकुंकवाला साठ बायका जमतात आणि शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईचं नाव ठाऊक नसतं, असं होऊ शकतं.

यात दोष फक्त मनाचा नाही, कागदांचाही आहे. अमेरिकेचा एच-वन-बी व्हिसा साधारणपणे सहा वर्षांचा. नोकरीवर आधारित ग्रीनकार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जागा नाहीत. भारतीयांची रांग त्यामुळे काही दशकांची होते. जोडीदाराला कामाची परवानगी २०१५ पर्यंत नव्हतीच, आणि नंतरही ती काहींनाच मिळाली. ज्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ठाऊक नाही तो गावच्या वाचनालय समितीत कशाला जाईल? आखाती देशांत तर नागरिकत्वाची वाटच जवळपास बंद. मजुरांच्या छावणीत राहणाऱ्याची अरब कुटुंबाशी ओळख होण्याचा प्रसंगच येत नाही. गंमत म्हणजे नोकरी नसलेल्या, घरी अडकलेल्या बायकांनीच पुष्कळदा पहिली स्थानिक मैत्रीण जोडलेली असते. मुलाला शाळेत सोडताना, वाचनालयातल्या गोष्टींच्या तासाला, कपडे धुण्याच्या यंत्राशी.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पूर्वग्रहावरच्या पुस्तकात याचा माग काढला होता. दोन समाज नुसते एकमेकांजवळ राहिले म्हणून मनं साफ होत नाहीत, असं त्याचं म्हणणं. दोघांची पायरी बरोबरीची हवी, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज लागायला हवी आणि वरच्या व्यवस्थेने त्याला पाठिंबा द्यायला हवा. चापिंगोचं शेत या कसोटीला उतरतं. माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपनीतली टेबलं दिसायला उतरतात, पण तिथली ओळख संध्याकाळी सहाला संपते. १९९८ मध्ये थॉमस पेटिग्र्यू यांनी त्यात आणखी एक भर घातली: मैत्री व्हायला पुरेसा वेळ आणि परत परत भेटण्याची संधी हवी. गावातल्या डॉक्टरकडे ती असते. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे अशोक वराडकर १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले, तिथे आयरिश परिचारिका मिरियम यांच्याशी त्यांचं लग्न झालं, आणि डब्लिनमध्ये त्यांनी दवाखाना चालवला. त्यांचा मुलगा लिओ २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये वराडला येऊन गेला. मुलगा पंतप्रधान होणं हा अपवाद, पण पिढ्यान्‌पिढ्या एकाच वस्तीची नाडी पाहणारा डॉक्टर परका राहत नाही.

त्याच आयर्लंडमध्ये २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले. डब्लिनच्या टाला भागात एका भारतीयाला जमावाने मारहाण केली. नंतर भारत दिनाचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. १९८७ मध्ये जर्सी सिटीत भारतीयांना लक्ष्य करणाऱ्या टोळ्या होत्या, २००९-१० मध्ये मेलबर्नमध्ये विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. अशा वेळी ‘आपण मिळून मिसळून राहिलो असतो तर’ हा सल्ला देणं निलाजरेपणाचं आहे. मार खाल्लेल्याने आपलं वागणं तपासायचं नसतं. पण याच शहरांत दुसरंही घडलं. टालामध्ये शेकडो आयरिश रहिवासी पोलीस ठाण्यापर्यंत निषेध मोर्चा घेऊन गेले. २४ फेब्रुवारी २०१० रोजी मेलबर्नमधल्या एका बाईंच्या कल्पनेतून हजारो ऑस्ट्रेलियन लोक मुद्दाम भारतीय खाणावळींत जेवायला गेले. स्थानिक म्हणजे एकच एक माणूस नव्हे, हे लक्षात ठेवलेलं बरं.

केनवडसारख्या गावातल्या आयटीआय झालेल्या तरुणासाठी सध्या नवी वाट उघडते आहे ती जर्मनीची. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला दहा हजार जणांना पाठवायचं ठरलं: परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक, नळजोडणी करणारे. काम सावकाश चाललं आहे, भाषेचे वर्ग हा त्यातला मोठा अडसर आहे. ही वाट संगणकवाल्यांच्या वाटेहून वेगळी ठरू शकते, कारण वीजतंत्री लोकांच्या घरात शिरतो आणि परिचारिका त्यांच्या आजीला अंघोळ घालते. पहिल्या महिन्यातच स्थानिकांशी गाठ पडते.

भाषेत एक गोम आहे. वर्गात शिकवली जाते ती प्रमाण जर्मन, आणि बाडेन-व्युर्टेमबर्गच्या खेड्यात कानावर पडते ती बरेचदा श्वेबिश बोली. या राज्याने १९९९ पासून स्वतःची जाहिरातच अशी केली होती की आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. पुण्यात आपल्या ‘काऊन’ला हसणारी माणसं पाहिलेल्या वऱ्हाडी पोराला त्या लोकांशी जमवून घेणं कदाचित पुण्यापेक्षा सोपं जाईल.

जर्मन माणूस रस्त्यात ओळख करून घेत नाही, अशी तक्रार सगळेच करतात. त्याची ओळख मंडळात होते; महाराष्ट्र मंडळात नव्हे, त्याच्या गावच्या मंडळात. तिथे पैसे भरून सभासद व्हायच्या संस्थांचं जाळं आहे: फुटबॉल, गाणं, बागकाम, नेमबाजी. खेड्यात सगळ्यात जवळची वाट अग्निशमन दलाची. जर्मनीत पगारी अग्निशामक मुख्यतः मोठ्या शहरांत. बाकी देशभर दहा लाखांच्या आसपास स्वयंसेवक हे काम करतात. सुतार, शिक्षक, शेतकरी, पालिकेचा कारकून. आठवड्या-पंधरवड्याने सराव, मग एकत्र बसून गप्पा. तिथल्या खेड्यांतूनही तरुण शहराकडे जातात आणि दलाला माणसं कमी पडतात, त्यामुळे दणकट नवा गडी त्यांना हवाच असतो, परदेशी असला तरी. अडचण असते ती वेळेची. इथून कर्ज काढून गेलेल्याला पहिली दोन-तीन वर्षं हप्ते फेडायचे असतात, गावाकडे पैसे पाठवायचे असतात; मिळेल ती जादा पाळी तो घेतो, आणि सराव असतो नेमका संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी. त्या संध्याकाळची मजुरी सोडायची की नाही, हे त्याला दर आठवड्याला ठरवावं लागतं, आणि घरच्यांना फोनवर ते पटवून देणं त्याहून अवघड.